घरात एकाला ल्युपस, मग बाकीच्यांच्या 'एएनए पॉझिटिव्ह' रिपोर्टचा अर्थ काय?

रात्री साडेनऊला फॅमिली ग्रुपवर एक पीडीएफ येते. लॅबचा रिपोर्ट. बाकी सगळं नॉर्मल, फक्त एका ओळीत ठळक अक्षरांत 'एएनए : पॉझिटिव्ह'. रिपोर्ट धाकट्या बहिणीचा आहे. थोरलीला दोन वर्षांपूर्वी ल्युपस झाल्याचं कळलं. तिचे सुजलेले पाय, स्टिरॉइडच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी लघवीची तपासणी, हे सगळं घरानं पाहिलंय. धाकटीला तसं काहीच होत नव्हतं. केस गळतायत म्हणून रक्त तपासायला निघाली, तेव्हा आई म्हणाली, "ताईची जी टेस्ट केली होती ना, तीही करून घे."

पुढच्या दहा मिनिटांत कुणी गुगल करतं, कुणी रडतं आणि कुणीतरी हळूच विचारतं, "मुलाकडच्यांना हे सांगायचं का?"

प्रसंग काल्पनिक आहे, पण ल्युपस, शोग्रेन किंवा स्क्लेरोडर्माचा पेशंट असलेल्या घरांना तो अनोळखी वाटणार नाही. त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकू. केवळ या एका ओळीवरून धाकटीला ल्युपस झालाय असं म्हणता येत नाही, आणि तिला तो पुढे होण्याची शक्यताही घरच्यांना त्या रात्री वाटते त्यापेक्षा खूप कमी आहे. मात्र रिपोर्ट फाडून फेकून द्यावा असंही नाही. काही घरांत, काही वेळी अशीच एखादी अँटीबॉडी फार महत्त्वाची ठरते. कधी आणि का, ते समजून घेऊ.

आधी आजाराचं नाव

शरीराला बांधून ठेवणारी जी ऊती असते, म्हणजे सांध्यांची अस्तरं, त्वचेखालचा थर, रक्तवाहिन्यांच्या भिंती, तिला संयोजी ऊती किंवा कनेक्टिव्ह टिश्यू म्हणतात. आपलीच रोगप्रतिकारशक्ती या ऊतीवर उलटली की होणाऱ्या आजारांच्या गटाला कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज म्हणतात. ल्युपस, शोग्रेन सिंड्रोम, स्क्लेरोडर्मा, मायोसायटिस हे त्यातले मुख्य. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणतो, तोही याच कुळातला. अभिनेत्री समंथा रूथ प्रभूनं २०२२ मध्ये इन्स्टाग्रामवर मायोसायटिस झाल्याचं सांगितलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

आपल्याकडे अडचण अशी, की घरी या सगळ्यांना एकच नाव असतं, 'वात'. आजीचे म्हातारपणी झिजलेले गुडघेही वात आणि मावशीचा ल्युपसही वात. त्यामुळे "आमच्या घरात कुणाला आहे का?" या प्रश्नाचं नीट उत्तर अर्ध्याहून अधिक घरांत मिळणार नाही, असं मला वाटतं.

एएनए म्हणजे नक्की काय मोजतात?

अँटीबॉडी म्हणजे शरीरानं जंतूंविरुद्ध तयार केलेली प्रथिनं. काही अँटीबॉडीज मात्र जंतूंऐवजी आपल्याच पेशींच्या केंद्रकाला, म्हणजे न्यूक्लियसला चिकटतात. त्या अँटी-न्यूक्लियर अँटीबॉडीज, थोडक्यात एएनए. याचा पहिला धागा १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज आणि सहकाऱ्यांना मिळाला. ल्युपसच्या पेशंटच्या अस्थिमज्जेत त्यांना दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेल्या पेशी दिसल्या. पुढे कळलं, की हा खेळ रक्तातल्या अँटीबॉडीजचा आहे.

आजची टेस्ट अशी होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या एका प्रकाराला 'हेप-२' म्हणतात. या पेशी काचपट्टीवर असतात. त्यांच्यावर तुमच्या रक्तातलं सीरम टाकतात आणि मग चमकणारा हिरवा रंग लावलेलं द्रव्य. सीरममध्ये एएनए असतील तर पेशींची केंद्रकं मायक्रोस्कोपखाली हिरवी उजळतात. मग सीरम पातळ करत जातात: १:४०, १:८०, १:१६०, १:३२०. कोकम सरबतात पाणी ओतत राहिलं तरी कुठवर चव लागते, तसाच हा हिशेब. रिपोर्टवरचा 'टायटर' म्हणजे हाच आकडा. १:४० म्हणजे थोडं पाणी घातल्यावरच चव गेली, १:१२८० म्हणजे बादलीभर पाण्यातही लागतेय.

ही टेस्ट बऱ्याच ठिकाणी अजूनही माणूस डोळ्यांनी वाचतो. त्यामुळे एका लॅबमध्ये १:८० आणि दुसरीत १:१६० येणं हा काही घोटाळा नाही. काही लॅब ही पद्धत न वापरता एलायझा पद्धतीनं नुसता एक आकडा देतात. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून "वाढलंय" म्हणण्याआधी दोन्हींची पद्धत एकच आहे का, हे पाहा.

निरोगी माणसांमध्येही?

हो, आणि हे प्रमाण लहान नाही. १९९७ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांचं रक्त तपासलं होतं. १:४० ला जवळपास ३२ टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह निघाले. १:८० ला सुमारे १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३ टक्क्यांच्या आसपास.

आता हे मंगल कार्यालयात नेऊन बसवू. पंगतीला ३०० माणसं आहेत, सगळी धडधाकट. त्यातली सुमारे ४० जण १:८० ला एएनए पॉझिटिव्ह असतील. आणि ल्युपसचे पेशंट किती? दिल्लीजवळ झालेल्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लाखात साधारण तीन असं प्रमाण आलं होतं. हा आकडा जुना आहे आणि इतर देशांत तो बराच जास्त येतो. पण तोच धरला, तर एक पेशंट भेटायला अशी शंभराहून अधिक कार्यालयं भरावी लागतील. म्हणजे नुसत्या 'पॉझिटिव्ह' शब्दावर माणसं निवडायला लागलो, तर हजारो निरोगी लोकांना घाबरवून एखादा पेशंट हाती लागणार.

वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं, बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त असतं. थायरॉइडचा ऑटोइम्युन आजार असेल, म्हणजे हाशिमोटो, तरी एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे आणखी एक भर आहे. क्षयरोग, कुष्ठरोग, मलेरिया यांसारख्या संसर्गांतही ती येऊ शकते, आणि टीबीवरच्या आयसोनियाझिड या औषधानंही. गेल्या वर्षी टीबीचा कोर्स झाला असेल तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. लोक नेमकं तेच सांगत नाहीत.

पण नातेवाइकांचं काय?

इथे गोष्ट थोडी बदलते. ल्युपस किंवा तत्सम आजार असलेल्यांच्या आई-वडील, भावंडं आणि मुलांमध्ये एएनए आणि इतर अँटीबॉडीज सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त सापडतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. नेमका टक्का प्रत्येक अभ्यासात वेगळा येतो, कारण कुणी १:४० ला पॉझिटिव्ह म्हणतं तर कुणी १:१६० ला. पण दिशा एकच आहे.

आजाराचा धोकाही जास्त असतो. यावरचा सगळ्यात मोठा हिशेब तैवानचा आहे. तिथे जवळजवळ सगळ्या लोकसंख्येची आरोग्य विम्याची नोंद एकाच यंत्रणेत असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी २ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी धुंडाळल्या. ल्युपसचे सुमारे १८ हजार पेशंट सापडले. त्यांच्या रक्ताच्या पहिल्या नात्यातल्या लोकांना ल्युपस असण्याचा धोका इतरांच्या सुमारे १७ पट होता. भावंडांमध्ये तो सुमारे २४ पट, मुलांमध्ये १४ पट, आई-वडिलांमध्ये ११ पट. शोग्रेन आणि स्क्लेरोडर्माचा धोकाही पाच-सहा पट, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा अडीच पटींच्या वर.

'१७ पट' हा आकडा रीलच्या थंबनेलवर छान दिसतो. पण कशाच्या १७ पट? तैवानच्याच आकड्यांवरून तिथे ल्युपस साधारण १० हजारांत ८ जणांना होता. त्याच्या १७ पट म्हणजे १० हजारांत १३६. ढोबळ हिशेब आहे, पण शंभरात एक-दीड एवढाच होतो. म्हणजे जवळच्या शंभर नातेवाइकांपैकी ९८ जणांना ल्युपस नाही.

याच अभ्यासात एक गंमत आहे. पेशंटच्या नवऱ्याला किंवा बायकोला, म्हणजे ज्यांचं रक्ताचं नातंच नाही, त्यांनाही धोका चौपटीहून जास्त दिसला. एकाच घरातली हवा, धूर, जंतुसंसर्ग यांचा तो परिणाम असू शकतो. किंवा घरात एकाला ल्युपस झाला की दुसऱ्याच्या अंगावरच्या पुरळाकडेही डॉक्टर लवकर त्याच नजरेनं पाहतात, असंही असेल. काहीही असो, "आमच्या घराण्यात नव्हतं, हिच्या माहेरूनच आलं" म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचावा. त्या संशोधकांच्या गणितात आनुवंशिकतेचा वाटा ४४ टक्क्यांच्या आसपास आला, उरलेला परिस्थितीचा.

जुळ्यांचे अभ्यास हेच सांगतात. १९९२ च्या एका अमेरिकी अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्के होतं. जीन्स शंभर टक्के सारखी, तरी चारपैकी तिघं सुटले.

लष्करी फ्रीझरमधलं रक्त

मग आजार सुरू व्हायच्या आधी अँटीबॉडीज येतात का? याचं उत्तर मिळालं ते एका अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकी लष्करात सैनिकांची ठरावीक काळानं एचआयव्ही तपासणी होते आणि उरलेलं सीरम गोठवून ठेवलं जातं. वर्षानुवर्षं साठत गेलेल्या या कोट्यवधी नमुन्यांचा कुणाला काय उपयोग, असं वाटेल. पण संशोधकांनी पुढे ल्युपस झालेले १३० जण शोधले आणि ते पूर्ण बरे होते तेव्हाचं त्यांचं रक्त फ्रीझरमधून बाहेर काढलं.

२००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला निष्कर्ष असा: १३० पैकी ११५ जणांच्या, म्हणजे ८८ टक्के लोकांच्या रक्तात निदानाआधीच किमान एक अँटीबॉडी होती. काहींमध्ये तर नऊ वर्षांहून आधी. शिवाय त्यांच्या येण्याला क्रम होता. एएनए, अँटी-आरओ, अँटी-एलए आणि अँटी-फॉस्फोलिपिड आधी येतात, त्यानंतर डबल-स्ट्रँडेड डीएनएविरुद्धच्या, आणि अँटी-एसएम, अँटी-आरएनपी सगळ्यात शेवटी, आजाराच्या अगदी उंबरठ्यावर.

हा अभ्यास ऐकून घाबरायला होतं. पण तो कोणत्या टोकाकडून पाहिलाय, ते लक्षात घ्या. त्यांनी पेशंट घेतले आणि मागे पाहिलं. प्रत्येक पावसाआधी ढग होते, एवढंच यातून कळतं. किती ढग न पडताच निघून गेले, हे कळत नाही. गर्जेल तो पडेल काय, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी पुढे पाहणारे अभ्यास लागतात. असा एक अभ्यास अमेरिकेत ओक्लाहोमाच्या संशोधकांनी केला. ल्युपसच्या पेशंटांच्या, स्वतःला ल्युपस नसलेल्या ४०९ नातेवाइकांना त्यांनी काही वर्षांनी, सरासरी सहा वर्षांच्या आसपास, पुन्हा तपासलं. ४५ जणांना, म्हणजे ११ टक्क्यांना, तोवर ल्युपस झाला होता. तैवानच्या हिशेबापेक्षा हा आकडा बराच मोठा वाटतो, पण ही कुटुंबं ल्युपसच्या संशोधनासाठी खास निवडलेली होती आणि बऱ्याच नातेवाइकांना सुरुवातीलाच काही ना काही लक्षणं होती. त्यामुळे तो आपल्या घराला सरळ लावता येत नाही.

यातली खरी बातमी वेगळीच होती. ज्यांना आजार झाला आणि ज्यांना नाही, त्यांच्यातला फरक नुसत्या अँटीबॉडीनं सांगता येत नव्हता. आजार झालेल्यांमध्ये सुरुवातीपासून लक्षणं जास्त होती आणि रक्तात दाह वाढवणारे रेणू जास्त होते. न झालेल्यांमध्ये दाह आवरणारे रेणू जास्त. त्याच गटाच्या दुसऱ्या कामात, एएनए पॉझिटिव्ह असूनही निरोगी राहिलेल्यांच्या रक्तात असे आवर घालणारे रेणू वाढलेले दिसले. थोडक्यात, धाकटीचं शरीर कदाचित अँटीबॉडीही बनवतंय आणि ब्रेकही नीट दाबतंय. साध्या एएनए रिपोर्टमध्ये हा ब्रेक दिसत नाही.

मग सगळ्यांची टेस्ट करून टाकायची का?

नाही. लक्षणं नसतील तर केवळ नातं आहे म्हणून एएनए करू नये, हेच बहुतेक संधिवाततज्ज्ञ सांगतात. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं २०१३ मध्ये एक पायरी पुढे जाऊन सांगितलं, की एएनए पॉझिटिव्ह नसताना आणि आजाराचा संशय नसताना तिच्या पोटातल्या वेगवेगळ्या अँटीबॉडीजच्या टेस्ट करत बसू नका. २०१९ च्या ल्युपसच्या आंतरराष्ट्रीय निकषांत १:८० ची एएनए ही फक्त प्रवेशद्वारासारखी आहे. ती असेल तर पुढचं बघायचं. त्या दारातून आत गेल्यावरही पुरळ, सांधे, किडनी, रक्तपेशी यांचे गुण मोजायचेच असतात.

पण आपल्याकडे टेस्ट डॉक्टरांनी सांगितली म्हणूनच होते असं थोडंच आहे. मोबाइलवर सवलतीचं पॅकेज दिसतं, त्यात 'ऑटोइम्युन' शब्द असतो, माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो. एएनए पॉझिटिव्ह आली की पुढे 'एएनए प्रोफाइल', त्याचे आणखी काही हजार रुपये. त्यात एखाद्या पट्टीवर पुसटसं काही उमटतं आणि काळजीची दुसरी फेरी सुरू होते. टेस्ट वाईट नाही. प्रश्नच विचारलेला नसताना आलेलं उत्तर वाईट.

टेस्ट झालीच असेल तर तीन ठिकाणी पाहा. टायटर किती आहे. पॅटर्न काय लिहिलाय: 'डेन्स फाइन स्पेकल्ड' असेल आणि त्यामागे फक्त डीएफएस-७० ही अँटीबॉडी असेल, तर ती पेशंटांपेक्षा निरोगी लोकांमध्येच जास्त दिसते, 'सेंट्रोमिअर' असेल तर डॉक्टर थंडीत बोटांचा रंग बदलतो का, हे नक्की विचारतील. आणि तिसरं म्हणजे डबल-स्ट्रँडेड डीएनए किंवा अँटी-एसएम केलेलं असेल आणि ते ठळक पॉझिटिव्ह असेल, तर लक्षणं नसली तरी तज्ज्ञांच्या नजरेखाली राहिलेलं बरं.

आणि दर सहा महिन्यांनी एएनए परत करू नका. तिचा टायटर वर-खाली झाल्यानं आजार वाढला की उतरला हे कळत नाही. अगदी पेशंटमध्येसुद्धा नाही.

जिथे ही अँटीबॉडी खरंच महत्त्वाची ठरते

आता अपवाद. आणि तो फार मोठा आहे.

अँटी-आरओ नावाची अँटीबॉडी शोग्रेन आणि ल्युपसमध्ये बऱ्याचदा असते. पण ती स्वतःला काहीही त्रास नसलेल्या बाईच्या रक्तातही असू शकते, आणि पेशंटच्या बहिणीमध्ये तर ती असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. ही अँटीबॉडी गरोदरपणात वार ओलांडून बाळाकडे जाते. तिथे ती बाळाच्या हृदयात ठोक्यांचा संदेश नेणाऱ्या ऊतीला इजा करू शकते. याला कन्जेनायटल हार्ट ब्लॉक म्हणतात. अँटी-आरओ असलेल्या आयांच्या गर्भारपणांपैकी साधारण २ टक्क्यांत हे घडतं. २ टक्के म्हणजे ९८ बाळं ठीक. पण ज्या बाळाला होतं, त्याच्या हृदयाचे ठोके पोटातच मिनिटाला १४० वरून ६० च्या आसपास येतात. पूर्ण ब्लॉक झाला तर तो सहसा परत जात नाही. बऱ्याच मुलांना पेसमेकर लागतो आणि काही बाळं वाचत नाहीत.

या गोष्टीतला चटका लावणारा भाग असा, की अनेक आयांना आपल्या रक्तात असं काही आहे हे बाळाचे ठोके मंदावल्यावरच पहिल्यांदा कळतं. तोवर त्या पूर्ण ठणठणीत असतात. काहींना पुढे कित्येक वर्षांनी कोरडे डोळे, कोरडं तोंड सुरू होतं, म्हणजे शोग्रेन.

हे आधी माहीत असेल तर करता येण्यासारखं आहे. धोका मुख्यतः १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान असतो, त्या काळात बाळाच्या हृदयाची इको तपासणी ठेवता येते. पहिल्या बाळाला ब्लॉक झाला असेल तर पुढच्या वेळी तो होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास असतं. अशा आयांना गरोदरपणात लवकर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दिलं, तर हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास येतं, असं २०२० मध्ये आलेल्या एका चाचणीत दिसलं. हेच ते औषध, जे कोविडमध्ये उगाच गाजलं आणि ल्युपसच्या पेशंटांना दुकानात मिळेनासं झालं.

म्हणून सख्ख्या बहिणीला ल्युपस किंवा शोग्रेन आहे आणि तुम्ही बाळाचा विचार करताय, तर ही गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. विशेषतः तुमची स्वतःची एएनए पॉझिटिव्ह आलेली असेल किंवा डोळे-तोंड कोरडं पडत असेल तर. अँटी-आरओची टेस्ट करायची का, ते त्या ठरवतील. इथे गंमत म्हणजे काही वेळा एएनए निगेटिव्ह येऊनही अँटी-आरओ पॉझिटिव्ह असते, त्यामुळे एकीवरून दुसरीचा निकाल लावता येत नाही.

आणि एक. पेशंट आईच्या तान्ह्या बाळाची एएनए करायला जाऊ नका. पॉझिटिव्ह आली तर ती आईकडून आलेली असते आणि सहा ते आठ महिन्यांत विरते. बाळाच्या अंगावर आलेलं ल्युपससारखं पुरळही बहुधा त्याच सुमाराला जातं.

दुसरा अपवाद अँटी-फॉस्फोलिपिड अँटीबॉडीजचा. त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. घरात ल्युपसचा पेशंट आहे आणि दुसऱ्या कुणाचे वारंवार गर्भपात झालेत, किंवा तरुण वयात पायात गुठळी किंवा पक्षाघात झालाय, तर या टेस्टला अर्थ आहे. ती एकदा पॉझिटिव्ह आली म्हणजे झालं असं नाही. किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

या अँटीबॉडीजचा एक सामाजिक तापही आहे. गरोदरपणात नेहमीच्या तपासण्यांत व्हीडीआरएल ही सिफिलिसची चाचणी होते. तिच्यात वापरलेला पदार्थ फॉस्फोलिपिडच असल्यामुळे, या अँटीबॉडीज असलेल्या बाईची व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. सिफिलिसचा जंतू कधी शरीरात आलेलाच नसतो, पण घरात संशयाचं धुकं पसरतं. टीपीएचएसारखी दुसरी खात्रीची चाचणी निगेटिव्ह आली की उलगडा होतो. डॉक्टर ही गोष्ट पन्नास वर्षांहून अधिक काळ जाणतात. रिपोर्ट हातात पडलेल्या नवऱ्यालाही ती माहीत असायला हवी.

आजार येण्याआधीच थांबवता येतो का?

ल्युपससाठी अजून तरी नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये मात्र या दिशेनं थोडं पाऊल पडलंय. रक्तात अँटी-सीसीपी अँटीबॉडी आणि सांधेदुखी, पण अजून सूज नाही, अशा लोकांना अबाटासेप्ट हे इंजेक्शन वर्षभर देऊन पाहिलं. २०२४ मध्ये आलेल्या ब्रिटन-नेदरलँड्सच्या चाचणीत वर्षाअखेर औषध घेतलेल्यांपैकी ६ टक्क्यांना आजार झाला, न घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांना. औषध थांबवल्यावर फरक कमी होत गेला. म्हणजे आजार लांबला, टळला असं अजून म्हणता येत नाही. आणि हे सगळे सांधे दुखणारे लोक होते, नुसते नातेवाईक नव्हे.

बाकी जे हातात आहे ते साधं आहे. सिगारेट नको, आमवाताशी तिचा संबंध पक्का आहे. उन्हात लाल होणारी त्वचा असेल तर ऊन टाळणं, टोपी, सनस्क्रीन. ड जीवनसत्त्वाबद्दल एक मोठी अमेरिकी चाचणी आहे: पन्नाशीपुढच्या २५ हजारांहून अधिक लोकांना पाच वर्षं रोज २००० युनिट दिल्यावर एकूण ऑटोइम्युन आजार २२ टक्क्यांनी कमी झाले. पण ती तिशीच्या आतल्या ल्युपसबद्दल काही सांगत नाही. आणि 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून जे काही काढे आणि पावडरी फॉरवर्ड होतात, त्यांची इथे काय गरज? या आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, रस्ता चुकलेली असते. ताईच्या डब्यातली स्टिरॉइडची गोळी 'खबरदारी' म्हणून धाकटीला देणं तर सरळ धोक्याचं आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं?

लक्षणांवर जायचं, नात्यावर नाही. सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त आखडलेली राहतात आणि हे आठवडे-महिने चालू आहे. उन्हात गेल्यावर गालांवर, नाकावर पुरळ येतं. तोंडात पुन्हा पुन्हा छाले येतात. डिसेंबरात गार पाण्यात भांडी घासताना बोटं आधी पांढरी, मग निळी पडतात. लघवीला फेस येतो, डोळ्यांखाली आणि पायावर सूज दिसते. कारण नसताना बारीक ताप, दम लागणं, श्वास घेताना छातीत दुखणं. यातलं काही असेल आणि घरात पेशंट असेल, तर वाट पाहू नका. केस गळणं एकटंच असेल तर बहुधा त्याचं कारण हिमोग्लोबिन, थायरॉइड किंवा नुकताच येऊन गेलेला ताप असतं.

लक्षणं नसलेल्या धाकटीसाठी डॉक्टर बहुधा फार काही करणार नाहीत. नीट विचारपूस, रक्तदाब, हिमोग्राम, क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी. किडनीच्या ल्युपसची पहिली खूण बऱ्याचदा याच स्वस्त तपासणीत, लघवीतल्या प्रथिनांत सापडते. महागड्या प्रोफाइलमध्ये ती दिसत नाही. सगळं ठीक असेल तर रिपोर्ट फाइलला लागतो आणि काही वाटलं तर या, असं सांगून घरी पाठवतात.

राहिला तो मुलाकडच्यांचा प्रश्न. एएनए पॉझिटिव्ह हा आजार नाही, त्यामुळे आजार लपवला असंही होत नाही. मंगल कार्यालयातल्या त्या ४० जणांत कदाचित मुलाची आईही असेल, तिनं फक्त टेस्ट केलेली नाही. बहिणीच्या आजाराबद्दल कुणाला किती सांगायचं, हे त्या बहिणीनं ठरवावं.

तपासणीला जाताना मात्र एक गोष्ट न विसरता करा. ताईच्या फाइलमधला निदानाचा कागद आणि तिच्या अँटीबॉडीजच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. "घरात वाताचा त्रास आहे" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. "बहिणीला ल्युपस आहे, किडनीवर आहे, अँटी-आरओ पॉझिटिव्ह आहे" या एका वाक्यावरून धाकटीचं काय तपासायचं आणि काय सोडून द्यायचं, हे दोन मिनिटांत ठरतं.